पुठ्ठ्याचा आडोसा

२०२५ च्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास बारामतीस आला होता. मूळचा तो इंदापूर तालुक्यांतला, उजनीच्या फुगवट्याकांठच्या एका गांवचा. शाळेंत असतांना गणितांत बरा, आणि संस्कृतांत केवळ आमच्या धाकानें उत्तीर्ण होणारा. पुढें अध्यापनाची पदविका घेऊन तो जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिक्षक झाला. परंतु नेमणूक मिळाली ती थेट गडचिरोली जिल्ह्यांत. वर्षांतून एकदां, दिवाळीला, तो गांवीं येतो आणि आमच्या ओट्यावर तासभर टेकतो. त्याला अरेतुरे करण्याचा हक्क आम्हीं सोडलेला नाहीं, आणि आम्हांस ‘गुरुजी’ म्हणण्याची संवय त्यानें सोडलेली नाहीं.

त्या सुमारास वर्तमानपत्रांत गडचिरोलीचेंच नांव मोठ्या अक्षरांत झळकत होतें. माओवाद्यांचा एक ज्येष्ठ पुढारी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपति यानें साठ साथीदारांसह नुकतींच शस्त्रें खालीं ठेविलीं होतीं. साहजिकच बोलणें तिकडे वळलें. आम्हीं विचारलें, “काय रे, आतां तरी तुमच्याकडे निवांत झालें म्हणावें कीं नाहीं?”

तो म्हणाला, “गुरुजी, पूर्वीच्या मानानें पुष्कळच निवांत आहे. पण निवांत म्हणजे काय, तें मला खरें कळलें गेल्या वर्षीं मतदानाच्या दिवशीं.”

आणि मग त्यानें आपली हकीकत सांगितली. ती ऐकतां ऐकतां आमची जी अवस्था झाली तोच या महिन्याच्या लेखाचा विषय आहे. हकीकत त्याची आहे. लाज आमची आहे.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं गडचिरोली जिल्हा नकाशावरच पाहिला असेल. आम्हींहि तो तसाच पाहिला आहे. महाराष्ट्राच्या अगदीं पूर्वेच्या टोंकाला, चंद्रपूर जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा काढलेला हा जिल्हा. विस्तार चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, तालुके १२, आणि तीन-चतुर्थांशांहून जास्त भूमीवर अरण्य. एका अंगाला छत्तीसगड, दुसऱ्या अंगाला तेलंगण. मधून प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी अशा नद्या. माणसांत गोंड आणि माडिया पुष्कळ. बोली गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी अशा अनेक. आपल्या शाळांतील मराठी तेथील पुष्कळ पोरांना दुसरी किंवा तिसरी भाषा असते.

१९८० च्या सुमारास गोदावरीपलीकडून नक्षलवाद्यांचीं दलें सिरोंच्याच्या बाजूनें या अरण्यांत शिरलीं. तेंदूपानें तोडणाऱ्यांस मिळणारी तुटपुंजी मजुरी आणि जंगल खात्याच्या माणसांचा जाच हीं तेथील खरीं दुःखें होतीं. त्या दुःखांवर त्यांनीं बोट ठेविलें म्हणून त्यांस थारा मिळाला, हें न्यायबुद्धीनें कबूल केलें पाहिजे. परंतु दुसऱ्याच्या दुःखाला वाचा फोडावयास आलेली बंदूक कालांतरानें स्वतःच बोलूं लागते, आणि ज्याचें दुःख तो गप्प होतो. तेथें तसेंच झालें. निवडणूक आली कीं बहिष्काराचीं पत्रकें झाडांना लागत. ज्याच्या बोटाला शाई दिसेल त्याची धडगत नाहीं, ही धास्ती घरोघरीं असे. उलट, जो मतदानास गेला नाहीं तो ‘त्यांचा’ असला पाहिजे, असा संशय सरकारी बाजूकडून येण्याचें भय होतेंच. गेलें तरी प्रश्न, न गेलें तरी प्रश्न. आणि दोन्ही प्रश्नकर्त्यांच्या हातीं शस्त्र.

हें भय पोकळ नव्हतें. १३ ऑक्टोबर २००९ रोजीं विधानसभेचें मतदान व्हावयाचें होतें; त्याच्या पांचच दिवस आधीं, ८ ऑक्टोबरला, भामरागड तालुक्यांत लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. २०१९ सालीं लोकसभेचें मतदान आटोपून तीन आठवडे होतात न होतात तों, १ मे रोजीं, महाराष्ट्रदिनींच, जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस व त्यांचा वाहनचालक असे सोळा जीव गेले. ज्या ‘सी-६०’ पथकाचें नांव आपण वाचतों त्यांतील पुष्कळ जवान त्याच जिल्ह्यांतले, त्याच बोली बोलणारे. आणि दलमांत सामील झालेलीं पोरेंहि त्यांच्याच शेजारच्या पाड्यांवरचीं. म्हणजे दोन्हीकडील प्रेतें शेवटीं जवळजवळच्या गांवांतच परत जात. २०२४ च्या निवडणुकीपूर्वीं एक महिना, २१ ऑक्टोबरला, भामरागडच्या कोपर्शी अरण्यांत चकमक होऊन पांच माओवादी ठार झाले, तेव्हांहि हा विचार आमच्या मनांत आला होता.

आतां आमच्या विद्यार्थ्याची हकीकत. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं महाराष्ट्राच्या २८८ जागांसाठीं एकाच दिवशीं मतदान झालें. तुमच्या-आमच्याकडे वेळ सकाळीं सातपासून सायंकाळीं सहापर्यंत होती. गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी, गडचिरोली व अहेरी या तिन्ही मतदारसंघांत मात्र ती दुपारीं तीनलाच संपली. कारण साधें होतें. यंत्रें आणि माणसें दिवसाउजेडीं सुखरूप परत यावयास हवींत. दुर्गम केंद्रांवरील मंडळींना दोन-तीन दिवस आधींच हेलिकॉप्टरनें हलविण्यांत आलें. आमच्या विद्यार्थ्याच्या तुकडीला एका पोलीस ठाण्याच्या आवारांत उतरविलें. तेथें रात्र काढून दुसऱ्या दिवशीं पहाटे जवानांच्या मागोमाग पायीं निघावयाचें. रस्ता असूनहि रस्त्यानें जावयाचें नाहीं, कारण रस्त्याखालीं काय पुरलेलें असेल तें सांगतां येत नाहीं. ज्याच्या पावलावर पाऊल टाकावयास सांगितलें असेल त्याच्याच पावलावर टाकावयाचें, बोलावयाचें नाहीं, आणि मतदानाचें यंत्र लेकरासारखें संभाळावयाचें.

“शाळा म्हणजे एक खोली, गुरुजी. फळा मात्र होता. आम्हीं यंत्र मांडलें आणि त्याच्याभोंवतीं तो पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मला हंसूं आलें. बाहेर चारी बाजूंना बंदुका रोखून जवान झाडांआड बसलेले, आणि आंत आम्ही हा पुठ्ठा वाऱ्यानें पडूं नये म्हणून त्याला दोरा बांधतोंय.”

सकाळीं सातला कोणीहि नव्हतें. आठच्या सुमारास माणसें येऊं लागलीं, कोणी पांच, कोणी सात किलोमीटर चालून. बायका पुढें, पुरुष मागें. रांगेंत बोलणें नाहीं. एक म्हातारी आडोशामागें गेली ती बराच वेळ बाहेर येईना. घाई करावयाची नाहीं हा नियम त्याला ठाऊक होता. शेवटीं यंत्राचा आवाज झाला, म्हातारी बाहेर आली, आणि जातां जातां त्याच्यापाशीं थांबून तिनें माडियांत कांहींतरी विचारलें. त्याला आतां ती बोली थोडी येते. तिनें विचारलें होतें, “हें कुणाला कळणार नाहीं ना?”

तो म्हणाला, “नाहीं.”

“तुलाहि नाहीं?”

“मलाहि नाहीं.”

म्हातारीनें त्याच्याकडे नीट पाहून घेतलें आणि ती निघून गेली.

“गुरुजी,” तो म्हणाला, “तें हेलिकॉप्टर, ते जवान, ती तीन दिवसांची यातायात, हें सगळें कशासाठीं होतें म्हणतां? मला त्या म्हातारीला ‘मलाहि नाहीं’ हे दोन शब्द खरेपणानें म्हणतां यावेत, एवढ्यासाठीं.”

आमची सून फराळाचें ताट घेऊन दारांत उभी होती. तिनें सगळें ऐकलें होतें. ताट ठेवून, एक शब्द न बोलतां, ती आंत गेली. आमची मान आपोआप खालीं झाली. तिचें कारण आतां सांगितलें पाहिजे.

बारामतीस २०२४ सालीं काय झालें तें साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. एका घराण्याच्या दोन फांद्या दोनदां एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. लोकसभेला ७ मे रोजीं नणंद-भावजयींत लढत झाली. सौ. सुप्रिया सुळे यांनीं सौ. सुनेत्रा पवार यांच्यावर दीड लाखांहून अधिक मतांनीं विजय मिळविला, आणि त्यांत खुद्द बारामती विधानसभा मतदारसंघानेंहि त्यांना मोठें मताधिक्य दिलें. सहा महिन्यांनीं विधानसभेला श्री. अजित पवार आणि त्यांचे पुतणे श्री. युगेंद्र पवार यांची गांठ पडली, आणि त्याच बारामतीनें काकांना एक लाखावर मतांचें आधिक्य देऊन निवडून दिलें. मजा अशी कीं, त्याच दिवशीं राज्याच्या दुसऱ्या टोंकाला, अहेरी मतदारसंघांत, हेंच नाटक आणखी एक पात्र वाढवून चाललें होतें. तेथें वडील श्री. धर्मरावबाबा आत्राम, कन्या सौ. भाग्यश्री आत्राम आणि पुतणे श्री. अंबरीशराव आत्राम असे एकाच राजघराण्यांतील तिघे एका जागेसाठीं उभे होते. वडील निवडून आले. हे तेच धर्मरावबाबा, ज्यांना १९९१ सालीं नक्षलवाद्यांनीं पळवून नेऊन अरण्यांत डांबून ठेविलें होतें. बारामतींत व अहेरींत घरें ज्या फटीनें दुभंगलीं ती फट एकाच पक्षाच्या दोन तुकड्यांची होती.

कोणाचें बरोबर आणि कोणाचें चूक हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस सांगावयाचें आहे तें मोठ्या घरांविषयीं नव्हे, आमच्या लहान घराविषयीं. कारण वरचा वाडा तडकला कीं खालच्या ओसऱ्यांनाहि भेगा जातात. त्या वर्षीं बारामतींतलीं किती तरी घरें आंतून दोन झालीं. त्यांत आमचें एक.

आमचें घर एका चुलीचें. आम्ही, आमचे धाकटे बंधु, दोघांचीं कुटुंबें, मुलगा, सून, पुतण्या आणि नातवंडें. मतें सात. वडिलांच्या काळापासून या घराची एक रीत होती. मतदानाच्या आदल्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडील देवघरासमोर बसून कोणत्या चिन्हावर शिक्का मारावयाचा तें सांगत, आणि सारें घर तसें करी. निदान वडिलांची तशी समजूत होती. वडिलांमागें तें आसन आमच्याकडे आलें. काळ बदलल्यामुळें आम्हीं आदल्या रात्रीं सांगणें सोडून दिलें होतें. परंतु मतदानाच्या रात्रीं विचारणें सोडलें नव्हतें. त्यांत आपण कांहीं वावगें करतों असें स्वप्नांतहि आलें नाहीं. घरांतल्या वडीलधाऱ्यानें घरांत काय चाललें आहे हें विचारूं नये तर कोणीं विचारावें?

२० नोव्हेंबरच्या रात्रीं आम्हीं असेंच सर्वांना देवघरासमोर बोलाविलें आणि एकेकाला विचारलें. सहा महिने घरांत धुमसत होतें तें आज एकदांचें स्पष्ट होऊं दे, अशी आमची भावना. बंधूंनीं सांगितलें, तें आमच्या मनासारखें होतें. आमच्या कुटुंबानें सांगितलें, तेंहि तसेंच. मुलानें जमिनीकडे पाहून सांगितलें. पुतण्यानें मात्र वर पाहून, अगदीं नम्रपणें, आमच्या मताविरुद्ध सांगितलें. आमचा तोल गेला. “खाल्ल्या घरचे वासे मोजणारा” हे शब्द आमच्या तोंडून गेले. पंचवीस वर्षांच्या, मिळवत्या, निर्व्यसनी मुलाला, त्याच्या आईबापांदेखत. बंधु उठून आंत गेले. आणि अशा वेळीं आम्हीं सुनेकडे वळून विचारलें, “तूं?”

ती म्हणाली, “मामंजी, तें मी सांगणार नाहीं.”

“देवासमोर बसली आहेस. देवासमोर काय लपवायचें?”

“देवाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तेवढें पुरे आहे.”

आठ दिवस आम्ही तिच्याशीं बोललों नाहीं. पुतण्यानें मार्गशीर्षांत इंदापुरास, नोकरीच्या ठिकाणाजवळ, एक खोली घेतली. कारण सांगितलें जाण्यायेण्याच्या त्रासाचें. सर्वांनीं तें कारण खरें मानण्याचें ठरविलें. मात्र त्याचें पान वर्षभर आमच्या पंगतींत मांडलें गेलें नाहीं.

तेव्हां वाचकहो, विद्यार्थ्याच्या तोंडून त्या म्हातारीचा प्रश्न ऐकतांना आमचें काय झालें असेल याची कल्पना करा. तेथें एका अनोळखी बाईचें मत राखण्यासाठीं माणसें सुरुंगांच्या वाटेनें पायीं गेलीं. येथें, घरच्या लेकीसुनांचें मत, आम्हीं उंबरठ्याच्या आंत, देवाच्या साक्षीनें, एका प्रश्नानें उघडें पाडूं पाहिलें. बंदूक आमच्या हातीं नव्हती हें खरें. पण चूल आमच्या हातीं होती, पंगत आमच्या हातीं होती, अबोला आमच्या हातीं होता. घरांतल्या माणसाला याहून जास्त भीति घालावयास लागतें तरी काय?

आमच्या लाजेंत आणखी एक भर आहे. १९९५ च्या विधानसभा निवडणुकींत इंदापूर तालुक्यांतील एका केंद्रावर आम्ही केंद्राध्यक्ष होतों. तेव्हां कागदी मतपत्रिका आणि शिक्का होता. एका आजीबाईंबरोबर तिचा नातू आडोशामागें जाऊं लागला. आजीबाईंचे डोळे व हात धड होते. अंध वा अपंग मतदारालाच सोबती नेतां येतो, आणि त्या सोबत्यालाहि गुप्तता राखण्याचें लिहून द्यावें लागतें, हा नियम आम्हीं त्याला खडसावून सांगितला आणि त्याला दाराबाहेर उभें केलें. गांवच्या पुढाऱ्यांनीं भुंवया चढविल्या, तरी आम्ही हललों नाहीं. ती गोष्ट आम्हीं पुढें वर्गांत किती तरी वेळां अभिमानानें सांगितली असेल. सरकारी हुकमानें जो आडोसा आम्हीं परक्या आजीसाठीं राखला तोच आपल्या घरीं आम्हीं वर्षानुवर्षें पाडीत आलों होतों, आणि ह्या दोन गोष्टींची सांगड एकदांहि आमच्या डोक्यांत बसली नाहीं.

कायदा याबाबतींत फार स्पष्ट आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें चौऱ्याण्णवावें कलम असें सांगतें कीं, निवडणुकींत कोणास मत दिलें हें कोणाहि साक्षीदारास किंवा अन्य माणसास सांगावयास भाग पाडतां येणार नाहीं. म्हणजे न्यायाधीश न्यायासनावर बसूनहि जें विचारूं शकत नाहीं, तें आम्ही पाटावर बसून विचारीत होतों.

संस्कृताच्या अभ्यासकाला हें कायद्याआधीं भाषेनें शिकवावयास हवें होतें. ‘मत’ हा शब्द ‘मन्’ धातूपासून झाला आहे. मत म्हणजे मनन करून झालेलें, मनांत ठरलेलें. दुसऱ्याच्या मनानें मनन करतां येत नाहीं, म्हणून दुसऱ्याचें मत देतांहि येत नाहीं. आणि ‘गुप्त’? आपण त्याचा अर्थ ‘लपविलेलें’ असा करून मोकळे होतों, आणि ज्याच्या पोटांत पाप तोच लपवितो असें म्हणतों. परंतु ‘गुप्’ धातूचा मूळ अर्थ लपविणें नव्हे, राखणें असा आहे. राजा पृथ्वीचा ‘गोप्ता’ असतो तो ती लपवितो म्हणून नव्हे, रक्षितो म्हणून. तेव्हां गुप्त मतदान म्हणजे चोरटें मतदान नव्हे, राखलेलें मतदान. हा धातु आम्हीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करवून घेतला. अर्थ आम्हांस पासष्टी उलटल्यावर कळला.

कांहीं वाचक म्हणतील, “गुरुजी, आपण राईचा पर्वत करतां. आमच्या घरीं सारे मोकळेपणानें बोलतात, लपवालपवी कशाला?” मोकळेपणा ही मोठीच गोष्ट आहे, आणि तिच्याविरुद्ध आमचें एक अक्षरहि नाहीं. मतदानाआधीं घरांत वाद झाला पाहिजे. वडिलांनीं आपला अनुभव सांगितला पाहिजे, मुलांनीं आपलें म्हणणें मांडलें पाहिजे. ज्याला मागाहून आपण होऊन सांगावेंसें वाटेल त्यानें खुशाल सांगावें. परंतु सांगणें आणि सांगावयास लागणें यांत जो फरक आहे, तो सगळा फरक त्या पुठ्ठ्यांत आहे. आणि मोकळेपणा खरा आहे कीं नाहीं, हें विचारणाऱ्याला कधीं कळत नाहीं. तें उत्तर देणाऱ्यालाच कळतें.

आपल्या घरांतील स्त्रियांच्या दृष्टीनें तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. १९३५ च्या कायद्याखालीं जेव्हां प्रांतिक निवडणुका झाल्या तेव्हां देशाच्या लोकसंख्येच्या साधारण सातव्या हिश्श्यालाच मताधिकार होता, आणि त्यांत स्त्रिया थोड्या. स्वतंत्र भारतांत सर्व प्रौढांना मत मिळालें. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या करतांना असें आढळलें कीं, असंख्य बायका आपलें नांव सांगावयासच तयार नाहींत. कोणी अमक्याची आई, कोणी तमक्याची बायको. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं असल्या नोंदी चालणार नाहींत असें ठरविलें, आणि सुमारें २८ लाख स्त्रियांचीं नांवें त्या यादींतून गळलीं. तेव्हां तो निर्णय कठोर वाटला. पण त्यांतला हेतु असा कीं, मत माणसाचें असतें, नात्याचें नसतें. आमची सून मतदारयादींत आमची सून म्हणून नाहीं. ती तेथें आपल्या नांवानें आहे. हें सेनसाहेबांना ७० वर्षांपूर्वीं कळलें होतें.

जाऊं देण्यासारखी नाहीं अशी आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यानें निघतांना सांगितली. तो म्हणाला, “त्या म्हातारीला मी ‘नाहीं’ म्हणालों तें खरें होतें, पण तिच्या गांवाविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.” यंत्रांतील मतें केंद्रवार मोजलीं जातात, आणि कोणत्या केंद्रावर कोणाला किती मतें पडलीं तें जाहीर होतें. जेथें दोन-तीन पाड्यांचें मिळून एक लहानसें केंद्र असतें तेथें एकट्याचें मत राखलें जातें, पण पाड्याचें मन उघडें पडतें. पूर्वीं कागदी मतपत्रिकांच्या काळांत निरनिराळ्या पेट्यांतील मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांच्या बाबतींतहि अनेक केंद्रांची बेरीज एकत्रच दाखविणारें साधन वापरावें, अशी सूचना निवडणूक आयोगानें २००८ सालीं केली आणि विधि आयोगानें २०१५ सालीं तिला दुजोरा दिला. परंतु २०२४ च्या मोजणींतहि तें साधन आलें नव्हतें. आमच्याकडेहि निकालाच्या दुसऱ्याच दिवशीं कोणत्या वाडीनें कोणाला ‘दगा’ दिला याचे हिशेब पारावर मांडले जातात, आणि मग त्या वाडीचा रस्ता लांबणीवर पडतो, हें कोण नाकारील? मोठें राज्य काय, लहान घर काय, ‘तुम्ही कोणाचे?’ हा प्रश्न विचारण्याचा मोह सत्तेला सुटत नाहीं.

एवढें असूनहि त्या जिल्ह्यांत २०२४ सालीं शंभरांतील सुमारें पंचाहत्तर मतदारांनीं मत दिलें, तर साऱ्या राज्याचा आंकडा सहासष्टांच्या घरांत राहिला. आणि मुंबई शहरांत, जेथें केंद्र हांकेच्या अंतरावर आहे, तेथें निम्म्याहून थोडेसेच अधिक. ज्याला राखलेल्या गोष्टीची किंमत ठाऊक असते तो तिच्यासाठीं सात किलोमीटर चालतो.

विद्यार्थी गेला त्या रात्रीं आम्हीं घरांतून मन मोकळें केलें. म्हटलें, “आमचें चुकलें. आम्हीं तुम्हां कोणालाच विचारावयास नको होतें.” पुष्कळ वेळ कांहीं उत्तर आलें नाहीं. मग त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही दर वेळीं विचारलेंत आणि मीं दर वेळीं सांगितलें. त्यांतलें खरें किती होतें, तें मात्र तुम्हीं कधीं विचारलें नाहींत.”

चाळीस वर्षांच्या संसारांत आम्हांस इतका मोठा धक्का क्वचित् बसला असेल. क्षणभर ओठांवर आलें कीं विचारावें, किती खरें होतें? पण तो प्रश्न आम्हीं गिळला. त्या दिवसापुरता तरी धडा पाठ होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सुनेला हांक मारून जें म्हणावयाचें तें म्हटलें. तिनें “असूं दे, मामंजी” एवढेंच म्हणून विषय संपविला. ती शहाणी आहे. मग यष्टीनें इंदापुरास गेलों. पुतण्याच्या खोलींत एकच खुर्ची होती, ती त्यानें आम्हांस दिली आणि आपण खाटेवर बसला. आम्हीं म्हटलें, “बाबा रे, त्या रात्रींचे आमचे शब्द आम्हीं मागें घेतों. यापुढें हें घर तुला विचारणार नाहीं.”

तो म्हणाला, “काका, मीं तरी सांगायला नको होतें का?”

“सांगणें हा तुझा हक्क होता,” आम्हीं म्हटलें. “विचारणें हा आमचा नव्हता.”

तुळशीच्या लग्नाला तो आला आणि पंगतींत बसला. खोली त्यानें अजून सोडलेली नाहीं, आणि आम्हीं सोड म्हटलेंहि नाहीं. कांहीं गोष्टी मोडावयास एक रात्र पुरते, जुळावयास पुरत नाहीं.

निवडणुका येतील आणि जातील. वाचकांतील आमच्या वयाच्या, आमच्यासारख्याच पाटावर बसणाऱ्या गृहस्थांना आमचें एवढेंच सांगणें आहे. मतदानाच्या दिवशीं घरचीं माणसें बोटाला शाई लावून परत आलीं, म्हणजे त्यांना चहा द्यावा, ऊन फार होतें का तें विचारावें, रांग मोठी होती का तें विचारावें. आणि तेथें थांबावें. तो पुठ्ठ्याचा आडोसा केंद्राच्या खोलींत संध्याकाळीं मोडून ठेवतात. घरांत तो आपणच उभा ठेवावयाचा असतो.